लिटोरल कॉम्बॅट शिप : किनारा नेमका कोणाचा?

तेलपाणी

दुसऱ्या एका धाग्यावर लिहिताना मी ‘सू सिटी’ या अमेरिकी युद्धनौकेचा ओझरता उल्लेख केला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये ॲनापोलिस येथे समारंभपूर्वक नौदलात दाखल झालेली ही नौका ऑगस्ट २०२३ मध्ये निवृत्त झाली. पाच वर्षेही पुरी झाली नाहीत. त्यावर दोघातिघांनी ‘हे असे कसे झाले’ म्हणून विचारले होते. उत्तर चार ओळींत मावणारे नसल्यामुळे हा स्वतंत्र धागा काढत आहे. मी व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात नोकरी केली, नौदलात कधीच नव्हतो. तेव्हा डावपेचांविषयी जे लिहीन ते वाचून जमवलेले असेल, आणि यंत्रांविषयीचे मात्र हात काळे केलेल्या माणसाचे असेल, एवढे लक्षात ठेवून वाचावे.

शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकी नौदलासमोर एक विचित्र प्रश्न उभा राहिला. भर समुद्रात त्याच्याशी झुंजू शकेल असे सोव्हिएत आरमार उरले नव्हते, पण किनाऱ्याजवळच्या उथळ आणि गजबजलेल्या पाण्यात अगदी क्षुल्लक शस्त्रे त्याच्या मोठ्या नौकांना जायबंदी करत होती. एप्रिल १९८८ मध्ये इराणच्या आखातात ‘सॅम्युअल बी. रॉबर्ट्स’ ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, एका सुरुंगावर आदळून मोडता मोडता वाचली. फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘ट्रिपोली’ आणि ‘प्रिन्स्टन’ या दोन नौकांना एकाच दिवशी सुरुंगांनी गाठले. १२ ऑक्टोबर २००० रोजी एडनच्या बंदरात तेल भरत उभ्या असलेल्या ‘कोल’ या विनाशिकेला स्फोटके भरलेली एक लहानशी बोट येऊन भिडली आणि १७ नौसैनिक ठार झाले. सुरुंग, जलद बोटींचे थवे आणि बॅटरीवर चूपचाप सरकणाऱ्या डिझेल पाणबुड्या, हे या उथळ पाण्याचे तीन शत्रू. त्यांच्याशी लढायला अब्जावधी डॉलरची विनाशिका पाठवणे म्हणजे गल्लीतल्या मारामारीत हत्ती उतरवण्यासारखे होते.

या प्रश्नावर १९९० च्या दशकाच्या शेवटी व्हाइस ॲडमिरल आर्थर सेब्रोव्स्की आणि निवृत्त कॅप्टन वेन ह्यूज यांनी ‘स्ट्रीटफायटर’ नावाची कल्पना मांडली. लहान, स्वस्त, पुष्कळ संख्येने बांधता येतील आणि त्यातल्या काही बुडाल्या तरी आरमाराचे कंबरडे मोडणार नाही अशा नौका हव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबर २००१ मध्ये नौदलाने लिटोरल कॉम्बॅट शिप (किनाऱ्याजवळ लढणारी नौका), म्हणजे एलसीएस, बांधण्याचे जाहीर केले तेव्हा त्यामागे हीच कल्पना होती. परंतु कागदावरून गोदीत पोचेपर्यंत काही शे टनांची ती कल्पना तीन हजार टनांच्या पलीकडे गेली, आणि माझ्या मते साऱ्या गोंधळाचे मूळ याच वाढीत आहे.

ही वाढ झाली कशी, हे समजून घ्यायचे तर नॉर्वेच्या ‘शोल्ड’ या नौकेकडे पाहावे लागेल. तिची लांबी जेमतेम ४७ मीटर, वजन पावणेतीनशे टनांच्या आसपास, शांत पाण्यात वेग ६० नॉट, आणि चालवायला वीसेक माणसे. (नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल. तेव्हा ‘ताशी ६० नॉट’ असे वर्तमानपत्रांत छापतात ते चूक आहे.) २००१-०२ मध्ये अमेरिकी नौदलाने ही नौका वर्षभर आपल्याकडे नेऊन तिची परीक्षाही घेतली होती. पण शोल्ड नॉर्वेच्या फ्योर्डांमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्यांमध्ये, लपते, क्षेपणास्त्र सोडते आणि रात्री आपल्याच धक्क्याला येऊन लागते. तिचा किनारा तिचा स्वतःचा आहे. अमेरिकेला आपल्या किनाऱ्याजवळ लढायचे नव्हते. तिला इराणच्या आखातात आणि दक्षिण चिनी समुद्रात, म्हणजे परक्याच्या दारात, जाऊन लढायचे होते. तेथवर पोचण्यासाठी महासागर ओलांडायला हवा, म्हणून इंधन हवे, म्हणून टाक्या हव्यात, म्हणून लांबी हवी, हेलिकॉप्टरसाठी डेक हवा, आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या माणसांसाठी बिछाने आणि मुदपाकखाना हवा. एवढे सगळे घातल्यावर ती लहान राहत नाही आणि लहान न राहिल्यावर स्वस्तही राहत नाही. त्यावर कडी म्हणजे, वेगाची अट कोणी सोडली नाही. तीन हजार टनांच्या या नौकेने ४० नॉटच्या वर धावलेच पाहिजे, असे ठरले.

मे २००४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना दोन वेगवेगळ्या आराखड्यांची कंत्राटे मिळाली. लॉकहीड मार्टिनच्या गटाची ‘फ्रीडम’ ही पोलादी बांधणीची, एकाच कण्याची, ११५ मीटर लांबीची नौका विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅरिनेट येथे तयार झाली. जनरल डायनॅमिक्स आणि ऑस्टल यांची ‘इंडिपेंडन्स’ पूर्णपणे ॲल्युमिनियमची. मधला एक निमुळता कणा आणि दोन्ही बाजूंना दोन छोटे कणे अशी तिची तीन कण्यांची रचना, लांबी १२७ मीटर, आणि जन्म अलाबामातल्या मोबील शहराच्या गोदीत. दोन्हींपैकी एकच निवडायची असे सुरुवातीला ठरले होते, पण २०१० मध्ये दोन्ही वर्ग बांधायचा निर्णय झाला. म्हणजे सुटे भाग दोन प्रकारचे, प्रशिक्षण दोन प्रकारचे आणि आजारही दोन प्रकारचे. एका नौकेची किंमत २२ कोटी डॉलर धरली होती. पहिल्या दोन नौका प्रत्येकी ५० कोटींच्या कितीतरी पुढे गेल्या.

एलसीएसचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ‘मॉड्यूल’. नौका ही केवळ गाडी, आणि लढण्याचे सामान कंटेनरांतून येणार. आज सुरुंग शोधायचे तर ते सामान चढवा, उद्या पाणबुडी हुडकायची तर पहिले उतरवून दुसरे चढवा. कल्पना खरोखर देखणी होती. अडचण एवढीच झाली की घर बांधून झाले, भाडेकरू राहायला आले, आणि सामान मात्र वर्षानुवर्षे आलेच नाही. बोटींवर मारा करण्यासाठी ज्या क्षेपणास्त्रावर भिस्त होती ते भूदलाच्या कार्यक्रमातले होते आणि तो कार्यक्रम २०१० मध्ये रद्द झाला. सुरुंग शोधण्यासाठी पाण्याखालून सोनार (प्रतिध्वनीवरून वस्तू हुडकणारे यंत्र) ओढत नेणारे जे मानवरहित वाहन होते ते वारंवार बंद पडत राहिल्याने २०१६ मध्ये सोडून द्यावे लागले. पाणबुडीविरोधी मॉड्यूल २०२२ मध्ये गुंडाळले गेले. सामानाची अदलाबदल करण्याची मूळ कल्पनाही २०१६ मध्येच मागे पडली आणि प्रत्येक नौकेला एकच काम कायमचे नेमून देण्यात आले.

आणखी गिअरबॉक्स राहिला आहे. त्याविषयी कोणी विचारले तर सविस्तर लिहीन, कारण तो माझा आवडीचा विषय आहे आणि एकदा सुरुवात केली की मी आवरत नाही.

शंकेखोर

लेख आवडला. एक मूलभूत शंका आहे. जहाजाला ४० नॉट वेग देणे एवढे अवघड का असावे? मोटारीत दुप्पट ताकदीचे इंजिन बसवले की ती पुष्कळ वेगाने धावते. दुसरे म्हणजे, तो वेग हवा होता कशाला? क्षेपणास्त्रापुढे ४० नॉट काय आणि २० नॉट काय, दोन्ही सारखेच नव्हेत का?

तेलपाणी

शंकेखोर, तुमचा दुसरा प्रश्नच खरा प्रश्न आहे, पण आधी पहिल्याचे उत्तर देतो.

जहाज पाण्यातून चालताना स्वतःच एक लाट निर्माण करते. वेग वाढतो तशी ही लाट लांब होत जाते, आणि एका टप्प्यावर ती जहाजाच्या लांबीएवढी होते. त्यापुढे जहाजाला स्वतःच्याच लाटेची चढण चढत राहावे लागते. ११५ मीटरच्या जहाजासाठी हा टप्पा ढोबळ हिशेबाने २६ नॉटच्या आसपास येतो. त्याच्या अलीकडे दुप्पट वेगाला साधारण आठपट शक्ती लागते, आणि पलीकडे गेल्यावर हा हिशेबही तोकडा पडतो. फ्रीडमच्या बांधणीत पुढचा भाग वेगाने पाण्यावर थोडा उचलला जाईल अशी युक्ती केली आहे, इंडिपेंडन्समध्ये मधला कणा अतिशय निमुळता ठेवला आहे, परंतु शक्तीची भूक दोघींनाही टळलेली नाही. फ्रीडमवर प्रत्येकी ३६ मेगावॅटची दोन गॅस टर्बाइन आणि दोन मोठी डिझेल इंजिने मिळून सुमारे १,१३,००० अश्वशक्ती आहे. आर्ली बर्क वर्गातली विनाशिका नऊ हजार टनांच्या घरातली असते आणि तिच्याकडे सुमारे १,००,००० अश्वशक्ती असते. म्हणजे तिच्या निम्म्याहूनही कमी वजनाच्या नौकेत तिच्याहून मोठे यंत्रघर कोंबले आहे. ते कोंबल्यावर वजन वाचवण्यासाठी बाकी सगळीकडे काटछाट करावी लागली. शस्त्रे कमी, चिलखतासारखे संरक्षण कमी, आणि माणसेही कमी.

आता दुसरा प्रश्न. वेगाच्या बाजूने मांडले जाणारे म्हणणे असे की जलद बोटींच्या थव्याशी लढताना अंतर आपल्याला हवे तेवढे ठेवता येते, आणि सुरुंग किंवा पाणबुडीच्या टप्प्यातून लवकर निसटता येते. यातले पहिले म्हणणे थोडेफार पटण्यासारखे आहे. पण १४ जुलै २००६ रोजी लेबनॉनच्या किनाऱ्यासमोर इस्रायलच्या ‘हानित’ या कॉर्व्हेटला जमिनीवरून सोडलेले जहाजविरोधी क्षेपणास्त्र लागले आणि चार नौसैनिक मरण पावले. ते सोडणारी हिजबुल्ला ही संघटना होती, कोणत्याही देशाचे नौदल नव्हे. उथळ पाण्यातल्या तीन शत्रूंत तो दिवस चौथा मिळवून गेला, आणि त्या चौथ्यापुढे ४० नॉटचा काडीचा उपयोग नाही. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या स्वतःच्या चाचणी विभागानेच अहवालात लिहिले की शत्रूच्या माऱ्याच्या वातावरणात ही नौका टिकून राहील अशी अपेक्षा करता येत नाही.

हिशेबनीस

किमतीबद्दल थोडी भर घालतो. खर्च हाताबाहेर जात असल्याचे पाहून २००७ मध्ये नौदलमंत्री डॉनल्ड विंटर यांनी तिसऱ्या आणि चौथ्या नौकेची कंत्राटे चक्क रद्द केली होती. ती नंतर पुन्हा दिली गेली. एकूण पन्नासहून अधिक नौकांचे उद्दिष्ट होते. ते २०१४ मध्ये ३२ वर आणले, २०१५ मध्ये ४० झाले, आणि प्रत्यक्षात ३५ बांधल्या गेल्या, त्यात फ्रीडम वर्गाच्या १६ आणि इंडिपेंडन्स वर्गाच्या १९. मार्च २०२२ मध्ये नौदलाने फ्रीडम वर्गातल्या नऊ नौका एकदम निवृत्त करू द्या म्हणून मागणी केली, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्यातल्या चारच निवृत्त होऊ दिल्या. गोद्या ज्या मतदारसंघांत आहेत तेथील प्रतिनिधी नौका बंद होऊ देत नाहीत आणि नौका बांधणेही थांबू देत नाहीत. ‘नको असलेले सामान परत घेतले जाणार नाही’ ही पाटी दुकानदाराने ग्राहकाला दाखवायची असते. येथे ग्राहकाच्याच घरच्यांनी ती ग्राहकाला दाखवली.

एक प्रश्न आहे. दोन वेगळ्या आराखड्यांमुळे स्पर्धा होऊन किंमत उतरली असे कोठेतरी वाचले होते. ते खरे का?

तेलपाणी

हिशेबनीस, बांधणीची किंमत नंतरच्या नौकांमध्ये पुष्कळ उतरली हे खरे आहे. परंतु नौका विकत घेणे हा खर्चाचा लहान भाग असतो आणि ती पंचवीस वर्षे चालवणे हा मोठा. स्पर्धा झाली ती पहिल्या भागात. दोन वर्ग सांभाळण्याचा बोजा दुसऱ्या भागावर पडला.

पॅसिफिककाठ

मी गेली काही वर्षे सॅन डिएगोमध्ये राहतो. इंडिपेंडन्स वर्गाच्या नौकांचे हे मायबंदर आहे (फ्रीडम वर्गाच्या नौका फ्लोरिडातल्या मेपोर्टला असतात), त्यामुळे पॉइंट लोमाच्या टेकडीवर फिरायला गेले की त्या बंदराबाहेर पडताना दिसतात. प्रथम दिसते तेव्हा ही युद्धनौका आहे असे वाटतच नाही. पुढचे टोक सुरीच्या पात्यासारखे, बाजूच्या भिंती आत झुकलेल्या, आणि मागचा सपाट डेक एवढा ऐसपैस की त्यावर दोन अंगणे मावतील. तोफ मात्र एकच, पुढे, ५७ मिलिमीटरची. मागून पाहिल्यास पंखा ढवळतो तसे पाणी ढवळलेले दिसत नाही, कारण पंखाच नाही. पाणी आत ओढून जोराने मागे फेकणारे चार पंप, म्हणजे वॉटरजेट, तिला ढकलतात आणि त्यांचे पांढरे झोत सरळ मागे फेकले जातात. बंदरात ती अर्थातच अगदी मंद चालते. ४० नॉटचा तमाशा काही मला अजून बघायला मिळालेला नाही.

तेलपाणी यांनी माणसे कमी असल्याचे एका शब्दात आटोपले, पण ती गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. सुरुवातीला मूळ चमू अवघ्या ४० जणांचा ठरवला होता. एवढ्या लोकांनी पहारा द्यायचा, स्वयंपाक करायचा, आग लागली तर विझवायची आणि यंत्रेही सांभाळायची. झोप पुरी होत नाही म्हणून आधी ५० आणि मग ७० च्या आसपास माणसे करावी लागली. आणि पुष्कळशी दुरुस्ती कंत्राटदारांनीच करायची असा करार असल्यामुळे, समोर बिघडलेले यंत्र आणि हाताशी पाना असूनही नौसैनिकांना थांबून राहावे लागे. नौकेला नावे ठेवताना त्या मुलामुलींना नावे ठेवली जाऊ नयेत, एवढीच विनंती आहे.

तेलपाणी

पॅसिफिककाठ, तुमची विनंती शंभर टक्के मान्य आहे, आणि गिअरबॉक्सचा विषय काढायला हेच निमित्त योग्य आहे.

फ्रीडम वर्गात सावकाश चालायचे असेल तेव्हा डिझेल इंजिने आणि धावायचे असेल तेव्हा गॅस टर्बाइन अशी व्यवस्था आहे. पूर्ण वेगासाठी दोन्ही एकत्र जोडावी लागतात. डिझेल मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेते, टर्बाइन तीन हजारांच्या वर. एकाच जुवाला बैल आणि घोडा जुंपावेत तसा हा प्रकार आहे, आणि ते जू म्हणजे ‘कंबाइनिंग गिअर’. कोणाला केव्हा जोडायचे आणि केव्हा सोडायचे ते क्लच ठरवतात. बैल सोडायच्या आधी घोडा उधळला तर जुवाचे काय होईल याची कल्पना शेती न केलेल्यालाही येईल.

‘मिलवॉकी’ ही नौका २१ नोव्हेंबर २०१५ रोजी नौदलात दाखल झाली आणि ११ डिसेंबरला व्हर्जिनियाच्या किनाऱ्यासमोर बंद पडली. टर्बाइनवरून डिझेलवर येताना क्लच सुटला नाही, तो तसाच फिरत राहून झिजला, आणि लुब ऑइलच्या, म्हणजे वंगणाच्या तेलाच्या, फिल्टरमध्ये धातूचा चुरा सापडला. सुमारे ४० सागरी मैल तिला ओढत आणावे लागले. महिनाभराने, जानेवारी २०१६ मध्ये, ‘फोर्ट वर्थ’ सिंगापूरला धक्क्यावर उभी असतानाच तिचे गिअर जळले, कारण लुब ऑइल पुरेसे न फिरवताच इंजिने सुरू केली गेली. या दोन अपघातांची कारणे वेगळी आहेत, एक यंत्राचे आणि एक माणसाचे, आणि त्यांची सरमिसळ करू नये. मात्र जानेवारी २०२१ मध्ये नौदलाने या वर्गाच्या नव्या नौका ताब्यात घेणेच थांबवले ते गिअरमधल्या क्लचच्या बेअरिंगच्या मूळ रचनेतल्या दोषामुळे. म्हणजे दोष साऱ्या वर्गात होता. सुधारलेला भाग बसवून ‘मिनियापोलिस-सेंट पॉल’ त्याच वर्षी नोव्हेंबरात स्वीकारली गेली, परंतु आधीच्या नौकांमध्ये तो बदल करणे वेळखाऊ आणि खर्चिक होते. सू सिटीच्या निवृत्तीमागचे एक कारण हे, आणि पाणबुडीविरोधी मॉड्यूल रद्द झाल्याने तिला नेमलेले कामच उरले नाही हे दुसरे.

फिल्टरमधल्या चुऱ्याविषयी वाचले की मला माझी पहिली नोकरी आठवते. एका जुन्या मालवाहू जहाजावर मी शिकाऊ होतो आणि गिअरचे फिल्टर उघडून धुण्याचे काम माझ्याकडे होते. मी ते घाईघाईने डिझेलमध्ये बुचकळणार एवढ्यात आमच्या चीफ साहेबांनी मनगट धरले. त्यांनी फिल्टरच्या जाळीवरचा गाळ बोटाने निपटून पांढऱ्या फडक्यावर पसरला, टॉर्च तिरका धरला, आणि त्या काळ्या लगद्यात सोनेरी कण चमकले. ‘हे बेअरिंगचे पितळ आहे, पोरा. धुऊन टाकले असतेस तर आपल्याला कळलेच नसते,’ असे ते म्हणाले. पुढच्या बंदरात गिअर उघडले तेव्हा एक बेअरिंग खरोखरच अर्धे झिजून गेले होते. फिल्टर निवांतपणे उघडून पाहायला, गाळ पसरायला आणि टॉर्च तिरका धरायला एक माणूस लागतो, आणि त्या माणसाला झोपही लागते. ४० जणांच्या नौकेत हा माणूस कोठून आणायचा?

शंकेखोर

आणि इंडिपेंडन्स वर्गाचा आजार कोणता? दोन प्रकारचे आजार असे तुम्ही लिहिले होते.

तेलपाणी

गंज आणि तडे. ॲल्युमिनियम आणि पोलाद खाऱ्या पाण्यात एकमेकांच्या सान्निध्यात आले की बॅटरी तयार होते, आणि तिच्यात ॲल्युमिनियम विरघळत जाते. म्हणून जहाजाच्या बुडाला जागोजागी जस्ताच्या वड्या ठोकतात. गंजायचे ते जस्त गंजते आणि बूड वाचते. पहिल्या इंडिपेंडन्सवर पोलादी वॉटरजेटच्या आसपास हे संरक्षण पुरेसे नव्हते, आणि २०११ मध्ये तेथील ॲल्युमिनियम पोखरले गेल्याचे दिसून आले. पुढच्या नौकांत ते सुधारले. २०२२ मध्ये मात्र या वर्गातल्या काही नौकांना तडे गेल्याचे उघड झाले आणि खवळलेल्या समुद्रात त्यांनी १५ नॉटपेक्षा अधिक वेगाने जाऊ नये असे बंधन घालावे लागले. ४० नॉटसाठी सर्वस्व पणाला लावलेली नौका १५ नॉटवर! पहिली इंडिपेंडन्स जानेवारी २०१० मध्ये दाखल होऊन जुलै २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि पहिली फ्रीडम तिच्यामागोमाग सप्टेंबरात.

उलटतपासणी

धागा एकतर्फी होत चालला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे या नौकांनी काम केलेले आहे. फ्रीडम २०१३ मध्येच सिंगापूरला जाऊन राहिली. मे २०२० मध्ये मलेशियाने भाड्याने घेतलेल्या ‘वेस्ट कॅपेला’ या तेलशोधक जहाजाभोवती चिनी जहाजे घिरट्या घालत होती, तेव्हा त्या भागात ‘माँटगोमेरी’ आणि ‘गॅब्रिएल गिफर्ड्स’ या दोन एलसीएस गस्त घालत होत्या. कॅरिबियन समुद्रात अमली पदार्थांच्या बोटी पकडण्यासाठी त्या वापरल्या गेल्या.

दुसरी गोष्ट शस्त्रांची. तेलपाणी यांनी ज्या शोल्डचे कौतुक केले तिच्यावर असते तेच नॉर्वेचे नेव्हल स्ट्राइक मिसाइल २०१९ मध्ये गॅब्रिएल गिफर्ड्सवर बसवले गेले आणि ग्वामजवळ डागून पाहण्यात आले. शंभर सागरी मैलांवर मारा करणारे क्षेपणास्त्र घेऊन फिरणाऱ्या नौकेला दात नाहीत असे आता म्हणता येणार नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरुंगांची. सुरुंगशोधक मॉड्यूल उशिरा का होईना, २०२३ मध्ये वापरायोग्य ठरले. मे २०२५ मध्ये ‘कॅनबेरा’ ते घेऊन बहरीनला पोचली, आणि तेथे वर्षानुवर्षे काम करत असलेल्या ॲव्हेंजर वर्गाच्या लाकडी बांधणीच्या चार सुरुंगशोधक नौका त्याच वर्षी निवृत्त झाल्या. ॲव्हेंजरला सुरुंगांच्या पट्ट्यात स्वतः शिरावे लागे. कॅनबेरा बाहेर उभी राहते आणि तिची मानवरहित बोट सोनार ओढत आत जाते. त्यात माणसांचा जीव धोक्यात पडत नाही.

तेलपाणी

उलटतपासणी, तुमचे तिन्ही मुद्दे वस्तुस्थितीला धरून आहेत आणि ते मूळ लेखात यायला हवे होते. क्षेपणास्त्राविषयी मी चुकलोच.

सुरुंगांविषयी मात्र एक गंमत नोंदवतो. सुरुंगशोधनाइतके सावकाश काम समुद्रावर दुसरे नसेल. सोनार ओढणारी बोट रेघा मारत हळूहळू पुढेमागे जाते, आणि मूळ नौका तासन्‌तास एका जागी घुटमळत राहते. म्हणजे जे काम या नौकेला अखेर जमले त्याला ऐसपैस डेक लागतो, खालचा मोठा रिकामा कोठा लागतो, बोट उतरवायची सोय लागते, पण ४० नॉट लागत नाहीत. तेच डेक आणि तोच कोठा घेऊन २५ नॉटची, साध्या डिझेलवर चालणारी नौका बांधली असती, तर दोन्ही टर्बाइन, ते गिअर आणि त्यांच्यामागचा सारा ताप वाचला असता.

उलटतपासणी

२५ नॉटची नौका विमानवाहू ताफ्याबरोबर राहू शकली नसती.

तेलपाणी

एलसीएसला ताफ्याबरोबर नेण्याचा बेतच नव्हता. ती ताफ्याच्या आधी पुढे जाऊन पाणी मोकळे करणार होती. पण ४० नॉटने तिचे इंधन इतक्या लवकर संपते की पुढे गेल्यावर तिला तेलाच्या जहाजाची वाट पाहत थांबावे लागेल.

रेवदंडा

२५ नॉट आणि साधे डिझेल हे शब्द वाचून लिहायचा मोह झाला. अगदी याच आकड्यांची नौका आपल्याकडे बांधली गेली आहे. भारतीय नौदलाने उथळ पाण्यात पाणबुड्या शोधण्यासाठी १६ नौकांची मागणी नोंदवली, आठ कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीकडे आणि आठ कोचीन शिपयार्डकडे. त्यातली पहिली ‘अर्नाळा’ १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचे हे नाव. कोचीनच्या मालिकेतली पहिली ‘माहे’ २४ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत दाखल झाली. तिच्याचबरोबर ३० नोव्हेंबर २०२३ रोजी पाण्यात सोडलेल्या दोन नौकांपैकी एकीचे नाव ‘मालवण’ आहे. लांबी ७७-७८ मीटर, वेग २५ नॉट, डिझेल इंजिने आणि वॉटरजेट. काम एकच, पाणबुडीविरोधी, आणि त्याची हत्यारे व सोनार नौकेवर कायमची बसवलेली. या नौका आपल्या घरच्या किनाऱ्यासाठी आहेत, म्हणून मूळ लेखातल्या प्रश्नाला त्या एक सरळ उत्तर ठरतात असे मला वाटते.

तेलपाणी यांना एक तांत्रिक प्रश्न : वेग २५ नॉटच ठेवायचा होता तर पंखा का नको, वॉटरजेट कशाला?

तेलपाणी

रेवदंडा, नोंद उत्तम आहे. तुलना करताना एक पथ्य मात्र पाळावे. अर्नाळाकडून होर्मुझच्या सामुद्रधुनीत महिनाभर राहण्याची अपेक्षा कोणी करत नाही, तेव्हा ती एलसीएसपेक्षा ‘चांगली’ आहे असे म्हणता येणार नाही. तिला सोपा प्रश्न घातला होता आणि तिने तो सोडवला, एवढेच म्हणता येईल.

वॉटरजेट घेण्याचे कारण खोली. पंखा बुडाच्या खाली लोंबतो, त्यामुळे नौकेला पाणी जास्त लागते. वॉटरजेट बुडाच्या आत असतो, तेव्हा खडक आणि रेतीच्या दांड्यांजवळ निर्धास्त जाता येते. शिवाय पंख्याच्या पात्यांवर बुडबुडे फुटून जो आवाज होतो तो कमी होतो, आणि पाणबुडीचा कानोसा घ्यायचा असेल तर आपण स्वतः गप्प राहणे आवश्यक असते. कोकण किनाऱ्यावर आणखी एक फायदा आहे. पंख्याला मासेमारीचे जाळे गुंडाळले गेले की पाण्यात बुडी मारणारा माणूस उतरवून ते कापावे लागते, आणि आमच्या जहाजावर हा प्रसंग दोनदा आला होता. वॉटरजेटच्या तोंडाशी जाळी असल्यामुळे जाळे सहसा बाहेरच अडते. मात्र प्लॅस्टिकचा कचरा त्याच जाळीवर येऊन बसतो आणि वेग पडतो. तेव्हा जेट उलटा चालवून तो कचरा मागे ढकलावा लागतो, आणि पावसाळ्यानंतरच्या खाडीच्या तोंडाशी हे किती वेळा करावे लागत असेल ते मालवणवरच्या इंजिनवाल्यांनाच विचारायला हवे.